भातानंतरचा अर्धा तास

आज मास्तरांना भात मिळणार होता आणि त्यांच्या बायकोचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता.

नवरा हाडाचा शिंपी, म्हणून सगळ्यांचा मास्तर. दीड वर्षं त्याने तिच्या डोळ्यांत सफाईने धूळ फेकली होती. जेवलं की अर्ध्या तासात पोटात जीवघेणी कळ यायची, म्हणून हा शहाणा माणूस जेवणच टाळायचा आणि "दुकानात खाल्लं" असं ठोकून द्यायचा. अठरा किलो वजन उतरलं, पण दर महिन्याला स्वतःच्या विजारी कमरेत आणि सदरे बाजूंना आत घेतल्यावर कोणाला काय कळणार? लोक उलट त्याच्या टापटिपीचं कौतुक करत. एके दिवशी आंघोळीनंतर तो उघडा दिसला आणि त्याच दिवशी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

"आतड्यांना रक्त नेणारी मोठी वाहिनी बुजत आलीय," सर्जनबाई म्हणाल्या होत्या. "जेवण पचवायला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून कळ येते. मांडीतली शीर काढून बाजूने नवी वाट करून देऊ."

"म्हणजे जोड द्यायचा," मास्तर म्हणाले. "टाके तेवढे बारीक घाला."

ऑपरेशन पाच तास चाललं. आज सहावा दिवस. रक्त पोचतंय हे तपासणीत दिसलं होतं, पण खरा निकाल पोटच देणार होतं.

साडेबाराला मऊ भात आला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे मास्तर घास घोळवत राहिले, पण वाटी संपवलीच. मग तिघं अर्धा तास मोजू लागले. लेकीची नजर घड्याळावर, बायकोची नवऱ्याच्या कपाळावर. आठी पडली की संपलं.

पाऊण वाजला. एकला दोन मिनिटं असताना मास्तरांनी डोळे मिटले आणि मान कलती झाली. बायकोने घंटीवर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

नर्स धावत आली. नाडी बघितली, पोटावर हलकेच हात ठेवला, आणि हसली. "अहो, झोपलेत ते. पोटभर जेवलेला माणूस झोपणारच की."

सव्वा वाजला. मास्तर घोरत होते.

लेकीने डबा उघडून पुढे केला. "आई, आता तू जेव."

महिनाभर तिच्याही घशाखाली धड घास उतरला नव्हता. ती रडत रडत जेवली, आणि डबा पार पुसून काढला.