किरकोळ दोष

माझ्या भावाने स्वतःच्या हातांनी बनवलेली शेवटची वस्तू म्हणजे एक बटण. दाराच्या घंटीचं, बाजारातलंच. पण त्याला वायर जोडून, एका छोट्या पट्टीवर डाख देऊन त्याने ते संगणकाला लावलं. स्नायूंच्या आजारात हात जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि वाचा त्याआधी जाणार हेही. हा पठ्ठ्या रडत बसला नाही. एका बोटावर उरलेलं आयुष्य कसं काढायचं, त्याच्या तयारीला लागला. घरात आम्ही त्याला खटपट्या म्हणायचो ते उगाच नाही.

बटणाचं काम सोपं होतं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी असायच्या आणि एकेक ओळ उजळत जायची. हवी ती ओळ आली की त्याने बटण दाबायचं, मग त्या ओळीतली अक्षरं उजळायची, हव्या त्या अक्षरावर पुन्हा दाबायचं. वाक्य झालं की संगणक ते मोठ्याने बोलून दाखवायचा. आवाज तरी कसला, सर्दी झालेल्या माणसासारखा नाकातला. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "हा मेला कोण शिरला आपल्या घरात?" पण थोड्याच दिवसांत तोच तिच्या मुलाचा आवाज झाला. हाक आली की ती "आले रे, आले" म्हणत, पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून यायची. एकदा तर "हळू बोल, शेजारी झोपलेत" म्हणून तिने त्या यंत्रालाच दटावलं होतं.

आमचा संगणक विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतो. फुकट मिळतं आणि आतलं सगळं उघडून बघता येतं, म्हणून खटपट्याचा त्यावर जीव. त्या लिनक्सचे भाग वेगवेगळ्या पाकिटांत येतात आणि प्रत्येक पाकिटाचा एक राखणदार असतो, जगात कुठेतरी बसलेला, बहुतेक बिनपगारी. एका सकाळी नेहमीसारखी सुधारणा आली आणि बटण ऐकणारं पाकीट बिघडलं. एका दाबाचे ते दोन दाब मोजायला लागलं. ओळ निवडली रे निवडली की तिचं पहिलं अक्षर आपोआप उमटायचं. बिचारा काहीही म्हणायला गेला तरी क, च, ट, त, प. बाकीची मुळाक्षरं देशोधडीला लागली. आई धावत आली, "काय हवंय रे?" यंत्र म्हणालं, "पट." आई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

जुनं पाकीट परत घालून पाहिलं, तर आजूबाजूचं सगळं पुढे गेलेलं, ते उघडेचना. म्हणजे त्या पाकिटाच्या राखणदाराकडे तक्रार करणं आलं. आणि तक्रार म्हटलं की मी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीमागे बसून माझे केस पिकलेत. मी दणदणीत लिहिलं: तुमच्या हलगर्जीपणामुळे माझ्या भावाची वाचा दुसऱ्यांदा गेली, लाज वाटायला हवी. लिहून त्याला वाचून दाखवलं. त्याने डोळे मिटले. एकदा मिटले म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. त्याने दोनदा मिटले, आणि मग पुन्हा दोनदा.

मी पुठ्ठा घेतला. पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून ठेवली होती. मी बोट फिरवायचं, त्याने डोळे मिटायचे. त्यातून निघालं: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एवढंच लिही. बिनपगारी माणूस आहे तो.

तीन ओळींची तक्रार गेली. पाकीटवाल्याचं उत्तर आलं, सभ्य होतं. त्याच्याकडे असलं बटण नाही, त्यामुळे त्याच्या संगणकावर दोष दिसत नाही, तो शनिवार-रविवारीच हे घेऊन बसू शकतो. आणि वर शेरा: किरकोळ.

माझं टाळकं सरकलं. "किरकोळ? याला म्हणावं, तुझ्या तोंडाला बूच मारते, मग सांग किरकोळ का मोठा!"

खटपट्याने पुठ्ठा मागितला. "खरंच किरकोळ," त्याने अक्षर अक्षर करून सांगितलं. "लाखात दोघं-तिघं."

आणि खरंच आमच्यासारखं आणखी एक घर निघालं. खटपट्याने ते बटण कसं बनवायचं हे पूर्वी इंटरनेटवर टाकलं होतं, ते बघून कुणी कुणी बनवलं असावं. आमच्या तक्रारीखाली एका बाईने लिहिलं, "माझ्या नवऱ्याचंही असंच होतंय. मला यातलं काही कळत नाही. दुरुस्त झालं की कळेल ना?"

पाकीटवाला आज्ञा पाठवायचा, मी त्या टाइप करायचे, बटण एकदा दाबायचे, पडद्यावर जे उमटेल ते त्याला परत पाठवायचे. मग पुढच्या शनिवारची वाट. तोवर पुठ्ठा. आणि पुठ्ठ्यावर मी म्हणजे नुसता उच्छाद. मला कुठला धीर? त्याने 'म' वर डोळे मिटले की माझं सुरू: "मफलर? मान दुखतेय? मच्छर?" तो दोनदा डोळे मिटायचा, मी आणखी चार शब्द पुढे करायचे. शेवटी एका संध्याकाळी तो पुठ्ठ्यावर अडूनच बसला. मी तोंड उघडलं की डोळे गच्च मिटून घ्यायचा. जेवणं खोळंबली, पण त्याने वाक्य पुरं केलं.

"मला माझं बोलू दे, ताई. तेवढंच उरलंय."

मी आत जाऊन रडले. त्यानंतर मला एकच ध्यास लागला: बोट आहे तोवर पाकीट दुरुस्त व्हावं. कारण बोटातलाही जोर हळूहळू जायला लागला होता. मी रोज बटणाची स्प्रिंग थोडी थोडी सैल करत होते. दाबण्यापुरता जोर त्याच्या बोटात राहावा, बस्स. फाडकन बोलणारी मी त्या पाकीटवाल्याला "कृपया" आणि "आपली आभारी" लिहायला लागले.

तेवढ्यात खोकल्याचं निमित्त झालं. दवाखान्यात त्याच्या नाकातोंडात नळ्या होत्या. शेवटच्या दुपारी त्याने नजरेने पुठ्ठा मागितला. मी बोट फिरवलं, 'त' वर त्याने डोळे मिटले. या वेळी मी एक शब्द बोलले नाही. जीभ दाताखाली धरून थांबले. पण पुढचं अक्षर आलंच नाही. तो ताई म्हणत होता की त्याला तहान लागली होती, हे मला आजही ठाऊक नाही.

सगळं उरकलं, पाहुणे पांगले, आणि पाकीटवाल्याचा निरोप आला. सापडलं! दुरुस्त केलेलं पाकीट चाचणीसाठी ठेवलं आहे. लिनक्सची नवी आवृत्ती यायची आहे, त्यामुळे रविवारनंतर दारं बंद होतील आणि किरकोळ दुरुस्त्या आत घेणार नाहीत. ज्याच्याकडे दोष दिसला त्याने तो गेल्याचं कळवल्याशिवाय पाकीट सगळ्यांना सोडता येत नाही, असा नियम आहे. तर भावाला रोजच्यासारखं एखादं वाक्य बोलून बघायला सांगाल का?

"चुलीत घाल तुझं पाकीट," मी पडद्याला म्हणाले आणि संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत एक फाईल समोर आली. गळक्या नळाची तक्रार. तक्रारदार दोनदा बोलावूनही आलेला नाही. अशा वेळी आम्ही शिक्का मारतो: पाठपुरावा नाही, प्रकरण बंद. आजवर असे शेकड्याने मारले असतील. त्या दिवशी हात उचलेना.

घरी येऊन संगणक लावला. त्या बाईचं लिहिणं खाली येऊन पडलं होतं. "ताई, तुम्ही बघाल का? मला जमत नाहीये. त्याने मला हाक मारून किती दिवस झाले."

तिच्या नवऱ्याचं बोट अजून चालत होतं.

मी चाचणीचं पाकीट घातलं आणि पहिल्यांदाच त्याच्या खुर्चीत बसले. बटणाची स्प्रिंग मी इतकी सैल केली होती की नुसतं बोट टेकलं तरी दाबलं जात होतं. काय लिहावं सुचेना. 'रोजच्यासारखं' म्हणाला होता, म्हणून त्याचं रोजचं लिहिलं. एक दाब, एक ओळ. एक दाब, एक अक्षर. शेवटी 'बोल' वर दाबलं.

"आई, पाणी," खोलीत त्याचा आवाज म्हणाला.

"आले रे, आले," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

भांड्याचा आवाज झाला, आणि आई पेला-चमचा घेऊन दारात आली. खुर्चीत मला बघून थबकली. तिच्या चेहऱ्याकडे माझ्याने बघवेना.

"आई, मी... ते दुरुस्त झालंय का ते बघत होते गं."

ती पलंगाच्या कडेला टेकली. म्हणाली, "झालं का?"

"झालं."

"मग कळव त्यांना. ती बाई वाट बघत असेल."

मी लिहिलं: एका दाबाचा आता एकच दाब मोजला जातो. दोष गेला. पाकीट सोडा. भावाबद्दल काही लिहिलं नाही. त्याने शिकवलेल्या तीन ओळींत आणखी कशालाच जागा नव्हती.

आई अजून बसलीच होती, पेला हातात धरून.

"पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणायचा ना," ती म्हणाली, "तेवढं एकदा म्हणायला लाव."

मी पुन्हा बटणावर बोट ठेवलं. ओळी उजळत होत्या आणि हवी ती यायला किती वेळ लागतो हे मला आत्ता कळत होतं. दोन शब्दांना एवढा वेळ. आणि मी दारातून ओरडायचे, "पटकन बोल रे, बस चुकेल माझी." आईने मात्र घाई केली नाही. तिने कधीच केली नव्हती.

"बास, आई," तो म्हणाला.

"बरं," आई म्हणाली, आणि भरलेला पेला घेऊन आत गेली.