नापासांची गाडी

माझी वहिनी गाडी चालवण्याच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाली, त्या दिवशी मीसुद्धा म्हणालो होतो, "वहिनी, क्लच जरा लवकर दाबत जा." हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरंच तोंडसुख घेणार आहे आणि त्यात पहिला नंबर माझा लागतो.

मी गॅरेजवाला. माझा दादा बेकरीची व्हॅन चालवायचा, पण डोळ्यांनी दगा दिला आणि त्याचा परवाना गेला. बेकरीवाला म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो, तोवर तुझ्या बायकोला परवाना मिळाला तर व्हॅन तिच्या हातात. म्हणजे सगळं घर वहिनीच्या परीक्षेकडे डोळे लावून बसलेलं. आणि ती दर वेळी एकाच जागी मार खायची. थांबायच्या पांढऱ्या रेषेशी गाडी हळू करत आणायची, ब्रेक दाबायची आणि इंजिन बंद. परीक्षक कागदावर फुली मारून मोकळे.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची, पंचवीस वर्षांची. दर दोन-तीन महिन्यांनी ते ती माझ्याकडे आणायचे. "शिकणारे बंद पाडतात रे, स्लो वाढवून दे." पाय काढल्यावर इंजिन ज्या वेगावर नुसतं गुरगुरत राहतं, त्याला आम्ही स्लो म्हणतो. मी कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवायचो, प्लग साफ करायचो. हँडब्रेक ओढून अर्धा तास गाडी चालू ठेवायचो. एकदा अडखळेल तर शपथ! चार वर्षं मी हेच केलं. बंद पडते ती नेमकी केव्हा, एवढं साधं विचारायची बुद्धी मला झाली नाही. गाडीचा मालक सांगतो म्हणजे खरं, झालं.

तर त्या तिसऱ्या नापासानंतर मास्तर वहिनीला घेऊन थेट गॅरेजवर आले. गाडी चालूच ठेवून खाली उतरले आणि माझ्याच दारात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुम्ही घरातले म्हणून सांगतो. चाळिशीनंतर पायांना वळण लागत नाही. उगाच त्यांना आशेला लावू नका."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण तोंडातून काय निघालं, तर ते क्लचचं वाक्य.

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मग ती गाडीत जाऊन बसली आणि दार उघडंच ठेवलं.

"भाऊजी, इकडे या. गिअर कशात आहे?"

"न्यूट्रलला."

"मग आता क्लचचं काही काम आहे?"

"नाही."

"बघा तर."

तिने ब्रेक दाबला. इंजिन थरथरलं, दोन गचके खाल्ले आणि गप्प झालं.

"तुम्ही जोरात दाबता," मास्तर म्हणाले.

"ब्रेक काय गोंजारायचा असतो?" वहिनी म्हणाली.

मी गाडी पुन्हा चालू केली, तिला ब्रेक दाबायला सांगितलं आणि पेडलजवळ कान नेला. फुस्स आवाज येत होता, सायकलच्या ट्यूबमधून येतो तसा. जुन्या गाडीत ब्रेकला जोर मिळावा म्हणून एक डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. त्याच्या आत रबराचा पडदा असतो आणि इंजिन एका पाइपमधून त्यातली हवा ओढत राहतं. तो पडदा फाटला होता. ब्रेक दाबला की बाहेरची हवा थेट इंजिनात शिरायची आणि स्लोवर चालणारं इंजिन गुदमरायचं. मी तो पाइप पकडीने चिमटला. ब्रेक दगडासारखा कडक झाला, पण वहिनीने दहा वेळा दाबला तरी इंजिन हललं नाही. चार वर्षं माझ्या नाकासमोर होतं हे! हँडब्रेकवर उभ्या गाडीचा ब्रेक मी कशाला दाबतोय?

"काहीतरीच," मास्तर म्हणाले. "मी रोज चालवतो. माझ्या हातून एकदा तरी बंद पडली का?"

हे मात्र खरं होतं, आणि तेच मला कळेना. मी पाइप मोकळा केला. मास्तर ऐटीत बसले, गॅरेजच्या आवारात एक चक्कर मारली आणि माझ्यासमोर ब्रेक लावून थांबले. इंजिन चालू. मी उघड्या दारातून त्यांच्या पायाकडे पाहिलं. बुटाचा पुढचा भाग ब्रेकवर आणि उजवी कड ॲक्सिलरेटरवर. ब्रेक लावता लावता ते इंजिनाला थोडं पेट्रोल पाजत होते.

"मास्तर, पाय बघा तुमचा."

त्यांनी वाकून पाहिलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. गाडीचं दुखणं त्यांच्या पायाने केव्हाच सांभाळून घेतलं होतं आणि डोक्याला पत्ता नव्हता. जे शिकणारे त्यांनी सांगितल्याबरहुकूम ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून मग ब्रेक दाबायचे, तेच नापास व्हायचे! नीट शिकले म्हणून नापास! मी असा संतापलो की पकड फरशीवर आपटली. ब्रेकचा डबा फाटलेल्या गाडीत हा माणूस नवशिक्यांना रस्त्यावर नेत होता, आणि वर त्यांच्याच पायांवर खापर फोडत होता.

मी नवीन बूस्टर बसवला, वाढवून ठेवलेला स्लो खाली आणला. महिना संपायला तीन दिवस असताना वहिनीने त्याच गाडीवर परीक्षा दिली आणि पास झाली. परीक्षकांसमोर मास्तर छाती काढून म्हणाले, "शेवटी तयार केलीच मी!"

वहिनी हसली नाही. तिथून ती सरळ त्यांच्या ऑफिसात गेली, मागून मी. खुर्ची ओढून बसली आणि नापासांची वही मागितली.

"जाऊ द्या हो आता," मास्तर म्हणाले. "झालं गेलं."

"तुमचं झालं. त्यांचं कुठे झालंय? फोन लावा आणि खरं काय ते सांगा. व्हॅन उद्यापासून आहे, आज मी मोकळी आहे."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दार लावून घेतलं.

वहीत पहिलंच नाव शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं होतं. पाच वेळा नापास, मग येणंच बंद. दिवसभर पायाने मशीन चालवणारी बाई, आणि म्हणे पायाला वळण नाही! मास्तरांनी नंबर लावला. वहिनीने बोट पुढे करून आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"सर, तुम्ही?" बाई गडबडून म्हणाल्या. "नाही हो, आता पुन्हा नको. गाडी विकली आम्ही. तुमचं काही चुकलं नाही, सर, तुम्ही खूप मेहनत घेतलीत. मीच ठोंबी."

मास्तरांनी फोन वहिनीपुढे सरकवला. तिने तो उचलून परत त्यांच्या हातात दिला.