डोळे मिटून उभं राहणं

शांतवन सर बेलापूरच्या शाळेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढे वाचा परत आली, डावा हात थोडाफार हलू लागला, पण तोल काही सावरता येईना. उभं केलं की ते डावीकडे कलंडायचे.

श्रीरामपूरच्या फिजिओथेरपीच्या दिशाताईंनी व्यायाम शिकवले. ते करून घ्यायचं काम सरांच्या बायकोनं, मरियानं, अंगावर घेतलं. सर स्वयंपाकाच्या ओट्यासमोर उभे राहत. मरिया त्यांच्या कमरेला पंचा गुंडाळून मागून धरून ठेवी आणि आकडे मोजी. आधी ओटा दोन्ही हातांनी धरून, मग एका बोटानं, मग न धरता. सर चिडत, रडत. एकदा त्यांनी तिला ढकललंही.

"तीस वर्षं पोरांना वर्गात उभं केलंत ना?" ती म्हणाली. "आता तुमची पाळी."

सातव्या महिन्यात दिशाताई म्हणाल्या, "आता डोळे मिटून तीस आकडे उभं राहायचं. वाकणं, खाली बसून उठणं पुढच्या महिन्यात."

दहा-बारा आकडे झाले की सर ओटा पकडायचे. त्या सोमवारी सकाळी मरिया म्हणाली, "थांबा जरा, छातीत जळजळतंय." पाणी प्यायली. "हं, मिटा डोळे."

पंधरा झाले. अठरा. एकोणीस. मग आवाज थांबला. पंचा सैल पडला. सरांना वाटलं, ही मुद्दाम गप्प झाली, आपण एकटे उभे राहतो का ते बघतेय. त्यांनी हसू दाबलं आणि पुढचे आकडे मनात मोजले. तीस झाले. चाळीस झाले.

"बघ मरिया!" म्हणत त्यांनी डोळे उघडले आणि ओटा धरून मागे वळले.

मरिया मागच्या भिंतीवरून घसरत खाली बसली होती. मान कलली होती, ओठ हलत होते. सरांना वाकता येईना. वाकले असते तर तिच्याच अंगावर पडले असते.

"आलोच हं," ते म्हणाले आणि काठी न घेता अंगण ओलांडून फाटकापर्यंत चालत गेले. शेजारच्या झुंबरबाई कपडे वाळत घालत होत्या. त्या आनंदानं ओरडल्या, "अगं बया! सर, चालाया लागला की तुमी! मरियाबाई, बघा तरी!"

सरांनी हातानं घराच्या दाराकडे दाखवलं.

दवाखान्यात पोचण्याआधीच मरिया गेली.

दफनानंतर दुसऱ्या दिवशी, पुण्याहून आलेल्या मुलीनं, जेनिफरनं, विचारलं, "पप्पा, आईला फार त्रास झाला का? किती वेळ?"

"नाही गं. लगेच गेली. मी बघतच होतो."

जेनिफर खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही जवळ होतात, तेवढं बरं."

त्या आठवड्यात दिशाताईंचा दोनदा फोन आला. सरांनी उचलला नाही.