न हलणारा पंखा

"मेलाय हा! आतला पंखा तसूभरही हलत नाही," धाकटी बहीण दारात येते न येते तोच दादानं सरबत्ती सुरू केली. सोळाशे वॅटचा नवाकोरा पॉवर सप्लाय त्यानं रागारागानं कॉम्प्युटरमधून उपसून काढला होता.

सप्लाय तपासणं हेच धाकटीचं काम. तिनं तो आपल्या पेटीला जोडला. ही पेटी सांगाल तेवढी वीज ओढून घेते. धाकटी भार हळूहळू वाढवत गेली. व्होल्टेज जराही डगमगलं नाही, पण पंखाही हलेना. दादा सोफ्यात रेलून, 'बघ, सांगत नव्हतो?' अशा थाटात बघत होता. भार निम्म्यावर गेला, खोली शेकायला लागली, तेव्हा कुठे पंखा गुपचूप फिरू लागला.

"मेलाय कसला? अव्वल माल आहे," धाकटी उखडली. "तुझा कॉम्प्युटर त्याला काम देतोय कुठे? अंगावर पडल्याशिवाय तो हलत नाही."

"असं होय!" धुण्याची बादली घेऊन मघापासून दारात उभी असलेली वहिनी म्हणाली. "मग घरातला दुसराही तपासून बघू या."

तिनं बादली दादाच्या मांडीवर ठेवली.

दादा हलला.