कल्याणच्या तळ्यात राहिलेला गळ

मी गळ बोलतोय. कल्याणच्या मोठ्या तळ्याच्या काठाला, लव्हाळ्याच्या मुळांत अडकून पडलोय. अंगावर गंज चढलाय, त्यावर शेवाळ चढलंय. पण स्वस्थ पडून राहणं मला अजूनही जमत नाही. तेव्हा ऐकणारा कुणी असो वा नसो, मी बोलणार.

माझा जन्म ठाण्याजवळ कोपरीत, गुणाजी लोहाराच्या भात्यापुढे झाला. त्याआधी मी एका फुटक्या पोहऱ्याची कडी होतो. पोहरा निकामी झाला आणि मी एका घराच्या कुडात खोचला गेलो. ते घर पंढरीचं. पंढरी मिठागरावर काम करायचा. पावसाळ्यात मिठाचं काम बंद, म्हणून हात रिकामे आणि डोकं भरलेलं. भादव्यातल्या एका उघडिपीला त्याने मला उपसून काढलं आणि गुणाजीसमोर टाकलं.

"काका, याचा गळ करा. मोठा करा. मरळ लागली पाहिजे."

गुणाजी हसला. "खाडीत मरळ कुठली रे? ती गोड्या पाण्यातली."

"खाडीत नाय. कल्याणच्या तळ्यात. दिवाळसणाला सासुरवाडीला बोलावलंय."

त्यामागे एक सल होता. पंढरीच्या लग्नात त्याचा सासरा काळुराम सगळ्या मांडवासमोर थट्टेने बोलून गेला होता, "आमचे जावई खाडीकाठचे, पण मासा त्यांनी नुस्ता ताटात बघितलाय!" लोक हसले. काळुरामही हसला आणि विसरला. पंढरी मात्र विसरला नाही, कारण ते खरं होतं. खाडीला लागून घर असूनही त्याने कधी गुडघ्याच्या वर पाण्यात पाय घातला नव्हता. पोहणं तर दूरच.

गुणाजीने मला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर वाकवलं, टोकाला उलटा काटा काढला आणि पाण्यात बुडवलं. चर्र झालं. बाहेर आलो तो गळ होऊनच. त्या क्षणापासून मला एकच घाई. तळं कधी दिसतंय?

पंढरीलाही तीच घाई. तो रोज मला दगडावर घासायचा, अंगठ्याच्या नखावर टोक टेकवून बघायचा आणि पुन्हा कुडात खोचायचा. दोरी वळली, ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात भिजवून वाळत घातली, सुकायच्या आत तीनदा चाचपून आला. बांबू तोडला, तो जड वाटला म्हणून दुसरा तोडला. त्याची बायको गोदा भाकरी थापत असायची आणि हा चुलीपाशी बसून तिला प्रश्न विचारत असायचा.

गोदा तळ्याकाठची पोर. त्या पाण्यातच वाढलेली.

"मरळ वर कधी येते?"

"पाऊस सरला, पाणी निवळलं, की सकाळच्या उन्हाला येते. लव्हाळ्याच्या कडेला."

"आमिष?"

"लहान बेडूक. अन् एक सांगते, दोरी मनगटाला गुंडाळायची नाय. मासा मोठा असला तर माणसालाच घेऊन जातो."

"बरं, बरं. अन् तराफा?"

"बाबा केळीचे खांब बांधून ठेवतील. किती वेळा विचाराल? भाकरी करपली बघा!"

या बोलण्यात पंढरीची आई ठमाबाई कधी पडायची नाही. ती कोपऱ्यात बसून तांदूळ निवडायची. पण तळ्याचं नाव निघालं की तिचे हात थांबायचे, हे मी कुडातून बघत होतो.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी तिने मला गुपचूप उचललं आणि तांदळाच्या मडक्यात खोल खुपसलं.

तांदळात काळोख आणि गुदमर. बाहेर पंढरीची शोधाशोध चाललेली. त्याने कुडाच्या भेगा धुंडाळल्या, अंगण झाडलं, शेवटी बायकोवर घसरला.

"तूच कुठं टाकलास! सांग!"

"मी हातसुद्धा लावला नाय त्याला," गोदा रडवेली होऊन म्हणाली.

तेव्हा ठमाबाईचा आवाज आला. "तिच्यावर ओरडू नको. मी लपवलाय. आणि देणार नाय."

"आये, का पण?"

"का म्हणून विचारतोस? तुझा बापूस जाळं काढायला म्हणून खाडीत गेला. होडी आली, तो आला नाय. तुला पाण्यापासून धरून ठेवला, ते असं गळ करून तळ्यावर जायला?"

"ते तळं हाय, आये. त्याला भरती नाय, ओढ नाय."

"पाणी हाय ना?"

पंढरीने पाठ फिरवली. खांद्यावर पंचा टाकून बाहेर निघून गेला. पुढचे दिवस घरात कुणी धड बोलेना. तो जेवायचा, उठायचा, दारातून आत-बाहेर करायचा. मी तांदळात पडून ऐकत होतो आणि मडक्याबाहेर उडी मारता येत नाही म्हणून जळत होतो.

कोंडी फोडली गोदाने. पंढरी बाहेर असताना ती सासूसमोर येऊन बसली.

"आत्याबाई, मी जाईन त्यांच्यासंगती तराफ्यावर. मला पोहता येतं."

"तू? बाईमाणूस?"

"पाण्याला काय कळतं बाई का बाप्या? त्यांना अडवलंत तर ते एक दिवस एकटेच जातील. तुम्हाला न सांगता, मला न सांगता. त्यापेक्षा मी संगती असलेली बरी."

वर झाकण सरकलं. मग मडक्यात हात शिरला. ठमाबाईने मला काढलं, पदराने पुसलं आणि गोदाच्या तळहातावर ठेवलं.

"हा त्याच्या हातात देत नाय मी. तुझ्या हातात देते. मला मासा नको, पोरी. माझा पोरगा घेऊन ये."

दोघं निघाली तेव्हा तिने आणखी एक अट घातली. खाडीतून मचव्याने जायचं नाही, आगीनगाडीनेच जायचं. दोघांनी मान डोलावली.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळं पाहिलं. केवढं ते पाणी! वर धुक्याचा पातळ थर, काठाला लव्हाळं, आत कमळाची पानं. काळुरामने तराफा ढकलून दिला. "जावईबापू, घाई करू नका," तो काठावरून म्हणाला. पंढरी पुढे बसला, गोदा मागे. कमळाचे देठ कापायला तिने कोयती घेतली होती.

पहिल्याच झटक्याला माशाने बेडूक पळवला. पंढरी चिडला. दुसरा बेडूक मला लावला आणि बांबू बाजूला टाकून त्याने दोरी सरळ मनगटाला गुंडाळली. गोदा देठ कापत होती. तिची पाठ त्याच्याकडे होती.

मरळ खालून आली. मला फक्त एक मोठा जबडा दिसला आणि मी त्यात रुतलो. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं. दोरी ताणली गेली. तराफा कलंडला. आणि त्याच दोरीतून मला कळलं, दुसऱ्या टोकाला माणूस पाण्यात पडलाय.

मासा कमळाच्या दाटीत घुसला. पंढरी मागून ओढला जात होता. हात दोरीत, पाय देठांत. दोरीतून त्याच्या मनगटाचे हिसके माझ्यापर्यंत येत होते. आधी जोराचे, मग तुटक. वरून गोदाची किंकाळी आली. "पंढरी!" नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग धप्प आवाज झाला.

मी मासा सोडू पाहत होतो. पण उलटा काटा सोडण्यासाठी केलेला नसतो. मला घडवलं होतं तसाच मी वागत होतो, आणि त्यात एक माणूस मरत होता.

मग दोरी एकदम ढिली पडली. तिने ती कापली होती.

मरळ मला घेऊन काठाकडे सुटली. मागे लोंबणारी दोरी लव्हाळ्याच्या मुळांत गुंतली, माशाने अंग झाडलं, जबडा फाडून घेतला आणि निघून गेला. मी इथे राहिलो.

तो जगला की नाही, हे मला कळलं नाही. हिवाळा गेला, उन्हाळ्यात पाणी ओसरून माझ्या अंगाशी आलं, मग पुन्हा पावसाने तळं भरलं. काठावर पाऊल वाजलं की मी कान टवकारायचो. बायका धुणं धुवायच्या, गुरं पाणी प्यायची. कोपरीचं नाव कुणी काढत नव्हतं. ठमाबाईसमोर गोदा कशी उभी राहिली असेल, एकटी की दोघं, याच विचाराने मी आतून पोखरला गेलो. गंज नंतर चढला.

पुढच्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, एका सकाळी लव्हाळ्यापलीकडे पाणी डहुळलं.

"पाय मारा ना! नुस्ते हात काय मारता?"

गोदाचा आवाज. आणि तिच्यासमोर, पोटाला वाळके भोपळे बांधून, नाकातोंडात पाणी जात, खोकत, पंढरी! त्याच्या मनगटावर दोरीचा पांढरा वण होता. गोदाने त्याच्या हनुवटीखाली हात धरला होता.

काठावरच्या पायऱ्यांवर एक म्हातारी बसली होती. ठमाबाई. आधी ती पाण्याकडे पाठ करून बसली होती. मग वळली. मग एकेक पायरी खाली सरकत आली आणि तिने पाण्यात पाय सोडले. गोदाने हनुवटीखालचा हात हळूच काढून घेतला. पंढरी बुडतोय असं वाटलं, पण तो तरंगला.

"अरे, पाय मार पाय!" ठमाबाई ओरडली. "तिच्याकडं काय बघतोस? माझ्याकडं ये!"

तो तिच्याकडे गेला. अंतर फार नव्हतं.

आता ते येतात की नाही, ठाऊक नाही. शेवाळ दाट झालंय, मला नीट ऐकू येत नाही. मी एकही मासा कुणाच्या घरी नेला नाही, याची चुटपुट आहे. ती जायची नाही. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. या बाजूने पाण्यात उतरलात तर पाय जपून टाका. मी झिजलोय, पण टोक अजून शाबूत आहे, आणि एकदा धरलं की मला सोडता येत नाही.