लाल चिठ्ठीची कुंडी

"काका, लाल चिठ्ठीच्या कुंड्यांची ही शेवटची रांग टाकून द्या," मॅडम म्हणाल्या. "आता हिच्यात काही उरलं नाही."

"पाणी देऊन बघितलं?"

"परवा तुमच्याच हातानं दिलंत की. बाकीच्या रांगा उठून बसल्या. हिला फार दिवस तहानेलं ठेवलं, ही नाही उठली."

काकांनी कुंडीतलं गव्हाचं रोप बोटानं उभं केलं. बोट काढल्याबरोबर ते पुन्हा आडवं झालं.

मॅडम गव्हावर प्रयोग करायच्या त्या काचघरातली ही नोकरी काकांना त्यांच्या कोरडेपणामुळे मिळाली होती. निळ्या चिठ्ठीच्या कुंड्यांना रोज पाणी घालायचं, लाल चिठ्ठीच्यांना मॅडम सांगेपर्यंत थेंबही नाही, एवढंच काम. पण आधीचा माणूस मायाळू निघाला. सगळे गेले की तो लाल कुंड्यांनाही चोरून घोटभर पाजायचा. त्या वर्षी पाण्याविना डोलणारा गहू सापडल्याचं जाहीर झालं, काचघराच्या साहेबांच्या गळ्यात पदक पडलं, आणि खरं कळल्यावर पदक काही परत देववेना म्हणून माणसाला काढलं. मग दगडाच्या काळजाचा माणूस हवा होता. काका मुलाखतीत 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलले नाहीत, आणि एकमतानं निवडले गेले. तेव्हापासून ते दगडकाका.

घरात बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतंच, साधी कडीही नव्हती. उतू जाणारं दूध, शेजारीण, देशाचा कारभार, सगळ्यांची ती एकाच पट्टीत हजेरी घेई. "अगं, मधे श्वास तरी घे," एवढंच काकांच्या वाट्याला येई. मग एका उन्हाळ्यात त्यांची एकुलती एक मुलगी तापानं गेली, आणि बायको गप्प झाली. स्वयंपाक करी, दार लावी, आडवी होई. बाकी सगळं बंद. काकांनी जन्मभर मागितलेली शांतता एकदम पदरात पडली, आणि ती घरात कुठं ठेवावी हे त्यांना कळेना.

त्याच सुमाराला चहा पिता पिता मॅडमनी त्यांना सगळं समजावलं होतं.

"झाडाच्या आत प्रथिनं बनवायचे कारखाने असतात, काका. होरपळ झाली, तहान पडली, की झाड आधी त्यातले बहुतेक कारखाने थांबवतं. वाढ नको, नवं पान नको. जीव राखणारी मोजकी प्रथिनं तेवढी बनवत राहतं."

"आणि बाकीची?"

"ती बनवायचे हुकूम निघालेले असतात ना. त्यातले बरेचसे झाड फाडून टाकत नाही. पुडीत बांधून बाजूला ठेवतं. पाणी आलं की पुड्या सुटतात, काम पुन्हा सुरू."

काकांना इतकं हलकं वाटलं, की चहात साखर कमी आहे हेही त्यांनी कधी नव्हे ते बोलून दाखवलं. म्हणजे बायकोचं बोलणं गेलेलं नव्हतं, नुसतं बांधून ठेवलेलं होतं. मग करायचं काय, तर जे आपल्याला उत्तम येतं तेच. लाल चिठ्ठीला हात लावायचा नाही. त्यांनी मुलीचे कपडे माळ्यावर टाकले, फोटो पालथा करून कपाटात ठेवला. मेहुणी गळ्यात पडून रडायला आली, तर तिला "उगाच त्रास नको हिला" म्हणून दारातूनच वाटेला लावलं. एकदा भाजी चिरता चिरता बायकोच म्हणाली, "अहो, तिला वांगं आवडायचं नाही, नाही का?"

"असू दे ते आता," काका म्हणाले.

सुरी थांबली, मग पुन्हा चालू लागली. काका वाट बघत राहिले. वाट बघण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढचा उन्हाळाही सरला.

"मॅडम, एक विचारू?" आता ती मेलेली कुंडी हातात धरून काका म्हणाले. "पाणी नाही घातलं, नुसतं थांबलं, तर आपोआप नाही का सुटत त्या पुड्या?"

मॅडम हसल्या. "नुसतं थांबून काय होणार? तहान संपली हे झाडाला कळायला पाणीच लागतं, काका. फार वाट बघितली तर आतले हुकूमही विरून जातात. मग पाणी घाला नाहीतर अमृत."

काका "बरं" म्हणाले. रांग कचऱ्यात गेली, पण एक कुंडी त्यांच्या पिशवीत राहिली. इतक्या वर्षांच्या नोकरीतली पहिली चोरी, तीही मेलेल्या गव्हाची.

घरी बायको खिडकीशी बसली होती. काकांनी कुंडी खिडकीत ठेवली. कपाटातला फोटो काढला, शर्टाच्या बाहीनं पुसला आणि कुंडीला टेकून उभा केला. मग त्यांनी मुलीचं नाव घेतलं. वापरात नसल्यानं ते अडखळत आलं.

"वांगं ती ताटाखाली लपवायची," काका म्हणाले. "मी बघायचो. तुला सांगितलं नाही कधी."

तांब्यातलं पाणी ते कुंडीत ओतत राहिले. बायकोनं फोटोकडे पाहिलं. मग रोपाकडे पाहिलं.

"मेलंय ते," ती म्हणाली.

"हो," काका म्हणाले, आणि तिच्या पुढच्या शब्दासाठी थांबले.

तिनं तोंड पुन्हा खिडकीबाहेर वळवलं. कुंडीच्या बुडातून पाणी झिरपलं, कठड्यावरून ओघळलं आणि फरशीवर ठिबकू लागलं. एरवी असल्या एका थेंबावर ती संध्याकाळभर बोलली असती. काकांनी फडकं आणलं, गुडघे टेकून फरशी पुसली, आणि तांब्या पुन्हा भरून आणायला उठले.