पंपाची खोड

"दादा, हे काय करून ठेवलंस तू?"

मिस्त्री चिंधीला हात पुसत शाबासकीची वाट बघत होता. समोर धाकटी बहीण गळ्यात गिटार अडकवून उभी, तिच्यामागे पोस्टमन आणि शाळेतले मास्तर. वर्कशॉपच्या कोपऱ्यातला पाण्याचा जुना पंप मात्र आयुष्यात पहिल्यांदाच न अडखळता चालला होता.

"उद्या तुमचा पहिला कार्यक्रम, पंप हॉलवर न्यायचाय. म्हटलं, ऐन वेळी दगा द्यायला नको. झडप बदलली, वॉशर बदलला. बघ, कसा शहाण्यासारखा चालतोय!"

"अरे, तो लंगडत होता म्हणून तर आम्ही वाजवत होतो!"

मिस्त्रीने चिंधी खांद्यावर टाकून पंप बंद केला.

दोन वर्षांपूर्वी या तिघांनी रॉक बँड काढला. बहीण नर्स, ती गिटार वाजवी; पोस्टमन बेस गिटार, मास्तर ऑर्गन. ड्रमर काही टिकेना. गाणी वाजवायची सोडून एकेका आवाजाचा कीस पाडत बसणाऱ्या माणसांत कोण टिकणार? एकदा वर्कशॉपमध्ये सराव चालू असताना पंप सुरू झाला. धक्‌-धक्‌, फुस्‌, धक्‌. तिघे एकमेकांकडे बघून हसले आणि त्याच्या जोडीने वाजवू लागले. तेव्हापासून पंपच त्यांचा ड्रमर. लोकांनी नावं ठेवली. मिस्त्रीलाही त्या संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दिवसभर वॉर्डात उभी राहिलेली आपली बहीण चार सुरांचा एक तुकडा मनासारखा होईपर्यंत चाळीस-चाळीसदा वाजवते, हे तो बघत होता. ही माणसं कामचुकार नाहीत, एवढं त्याला पक्कं कळलं होतं, आणि त्याच्या लेखी त्याहून मोठी पदवी नव्हती.

आता त्याने भंगारातून जुना वॉशर हुडकून परत बसवला. पंप पाणीच ओढेना. झडप सैल केली, तर नुसताच खडखडू लागला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. या पठ्ठ्याची गेली ती परत येईना.

"राहू द्या मिस्त्री," मास्तर हळूच म्हणाले. "नाही जमणार म्हणून कळवून टाकू."

वाचनालयाचा हॉल अकरा महिने खेटे घालून मिळाला होता, तोही एकदाच. बहीण खोक्यावर बसून राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला वाटलं. आईमागे त्यानेच तिला वाढवलं होतं, आणि आज त्याच्याच हातून तिचं नुकसान झालं होतं.

त्याने भिंतीवरचा बावीस नंबरचा पाना उचलला, लोखंडी पाइप शिकंज्यात आवळला आणि सायकलचा पायपंप पायाखाली घेतला. पान्याने पाइपवर ठोकलं, धक्‌-धक्‌. पाय दाबला, फुस्‌. मग अगदी तेवढंच अडखळून, धक्‌.

बहिणीने मान वर केली. "तुला कसं जमलं?"

"सतरा वर्षं ऐकतोय. लोकांचे पंप करता करता घरच्याला सवड मिळाली नाही, पण कुठे अडतो ते झोपेतसुद्धा सांगेन. तू वाजव."

ती वाजवू लागली.

दुसऱ्या दिवशी हॉलमधली निम्मी माणसं दहा मिनिटांत उठून गेली. उरलेली निम्मी जागची हलली नाहीत. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर बसला होता आणि एकदाही चुकला नाही. पुढे बँडचे कार्यक्रम वाढत गेले, पंपही पुन्हा दुरुस्त होऊन विनातक्रार पाणी ओढत राहिला, आणि ड्रमर कोणी शोधला नाही.

वर्कशॉपच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली आहे. बावीस नंबरची आकृती तेवढी रिकामी दिसते.

"पाना हरवला वाटतं, मिस्त्री?" गिऱ्हाईक विचारतं.

"हरवला नाही. बँडमध्ये असतो," मिस्त्री मान वर न करता सांगतो.

कामासाठी त्याने नवा पाना आणला आहे. तो शेजारी वेगळा खिळा ठोकून अडकवला आहे.